मुद्दल, व्याज आणि टोंगासचे अरण्य

अमेरिकेच्या अलास्का राज्यात, आग्नेय टोकाला, समुद्र आणि हिमनद्या यांच्या कुशीत शेकडो बेटांवर पसरलेले टोंगास नावाचे राष्ट्रीय अरण्य आहे. त्याचे क्षेत्र सुमारे १ कोटी ६७ लाख एकर, म्हणजे आपल्या कोकण विभागाच्या दुपटीहूनही अधिक. पाऊसही कोकणाच्या तोडीचा. फरक इतकाच, की तो चार महिन्यांत कोसळून मोकळा होत नाही, वर्षभर झिरपत राहतो. या थंड, ओल्या हवेत सिटका स्प्रूस, हेमलॉक, लाल सीडर आणि पिवळा सीडर हे सूचिपर्णी वृक्ष शतकानुशतके वाढत आले आहेत. तीनशे, पाचशे, काही ठिकाणी आठशे वर्षांची झाडे तेथे आजही उभी आहेत. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी १९०७ साली या भूमीला राष्ट्रीय अरण्याचा दर्जा दिला. त्याच्या कितीतरी आधीपासून त्लिंगित, हायडा आणि त्सिमशियन हे लोक तेथे राहत होते. टोंगास हे नावही त्लिंगित लोकांच्याच एका शाखेचे आहे.

या अरण्याविषयी अमेरिकन सरकारने २०१६ साली एक नियम केला. वाचायला तो अगदी सरळ वाटतो. पुरातन वृक्षांची तोड टप्प्याटप्प्याने कमी करायची आणि पूर्वी एकदा तोड झालेल्या जमिनीवर जे नवे जंगल उगवले आहे, त्यातून लाकूड घ्यायचे. हे संक्रमण सोळा वर्षांत पार पाडायचे. पहिल्या प्रकारच्या जंगलाला मूळ अरण्य आणि दुसऱ्याला पुनर्वाढीचे जंगल म्हणता येईल. मूळ अरण्य म्हणजे वाडवडिलांनी ठेवलेले मुद्दल आणि पुनर्वाढ म्हणजे त्यावर येऊ लागलेले व्याज, अशी मांडणी केली तर कोणत्याही पेढीवरच्या माणसाला नियमाचा हेतू एका वाक्यात कळेल. मुद्दलाला हात न लावता व्याजावर घर चालवावे, यात वाद घालण्याजोगे काय आहे? तरीही या नियमावरून गेली दहा वर्षे वाद चालू आहेत, खटले झाले आहेत, सरकारे बदलली तशा आज्ञा फिरल्या आहेत. त्याचे कारण हिशेबाच्या वहीत शोधावे लागते.

पन्नास वर्षांचे ठेके

दुसरे महायुद्ध संपले तेव्हा अलास्काला राज्याचा दर्जा मिळालेला नव्हता. वस्ती तुरळक, रस्ते नाहीत, वर्षभर चालेल असा उद्योग नाही. टोंगासमधील लाकडाला नाव होते, विशेषतः सिटका स्प्रूसला. वजनाने हलके आणि ताकदीने भक्कम असे हे लाकूड दोन्ही महायुद्धांत विमानांच्या बांधणीसाठी वापरले गेले. पण केवळ उत्तम ओंडक्यांच्या मागणीवर गावे वसत नाहीत. म्हणून अमेरिकन वन सेवेने निराळा मार्ग काढला. लाकडाचा लगदा करणाऱ्या गिरण्यांना पन्नास वर्षांचे ठेके द्यायचे आणि त्या बदल्यात त्यांनी तेथे भांडवल गुंतवून गिरणी उभारायची. १९५१ साली केचिकन येथील कंपनीशी असा पहिला करार झाला आणि १९५४ मध्ये तेथील गिरणी सुरू झाली. सिटका गावातील दुसरी गिरणी जपानी भांडवलावर १९५९ मध्ये उभी राहिली.

कापडाच्या व्यापारात असलेल्या कुटुंबांना या गिरण्यांच्या मालात खास रस वाटावा. त्यांचा लगदा मुख्यतः कागदासाठी नव्हता. तो विरघळवून रेयॉनचे सूत काढण्याच्या कामी येई. युद्धात होरपळलेल्या जपानला आपला वस्त्रोद्योग पुन्हा उभा करायचा होता आणि त्यासाठी कच्चा माल हवा होता. अशा रीतीने शेकडो वर्षे वाढलेली झाडे यंत्रात चुरा होऊन, रसायनात विरघळून, दूरच्या बाजारपेठेत कृत्रिम रेशमाच्या रूपाने पोहोचत होती. ज्या खोडातून वाद्याची उत्तम फळी निघाली असती, तेही अनेकदा त्याच चुऱ्यात गेले.

ठेक्याचा दर फार स्वस्त होता. सरकारला लाकडापासून जे मिळे, त्याहून अधिक खर्च ते लाकूड बाहेर काढण्यासाठी रस्ते बांधण्यावर होई, असे चित्र अनेक वर्षे दिसले. पण नफातोट्याच्या या आकड्यापेक्षाही दूरगामी परिणाम तोडीच्या पद्धतीचा झाला. ठेकेदार प्रथम कोठे जाईल? जेथे झाड सर्वांत मोठे, जमीन सपाट आणि समुद्र जवळ, तेथे. नदीखोऱ्यांच्या तळाशी, किनाऱ्यालगत आणि चुनखडीच्या जमिनीवर वाढलेले सर्वांत भव्य वृक्ष आधी गेले. टोंगासच्या एकूण विस्ताराच्या तुलनेत तोड झालेले क्षेत्र लहान, साडेचार लाख एकरांच्या आसपास आहे. ‘इतक्या मोठ्या अरण्यात एवढीशी तोड’ असा युक्तिवाद आजही केला जातो. धान्याच्या कोठारातून फक्त वरचा निवडक माल उचलला आणि पोती मोजून ‘साठा जवळजवळ तेवढाच आहे’ असे सांगितले, तर कोणता व्यापारी ते मान्य करील? टोंगासचा बराचसा भाग तर दगड, बर्फ, दलदल आणि खुरटी झुडपे यांनीच व्यापलेला आहे.

सत्तरच्या दशकात तोड शिगेला पोहोचली. काही वर्षी ती ५० कोटी बोर्ड फुटांच्या वर गेली. आपल्याकडे लाकूड घनफुटांत मोजतात. एक फूट लांब, एक फूट रुंद आणि एक इंच जाडीची फळी म्हणजे एक बोर्ड फूट, आणि असे बारा मिळून एक घनफूट. या मापाने ५० कोटी बोर्ड फूट म्हणजे चार कोटी घनफुटांहून अधिक लाकूड, तेही एका वर्षात. १९८० च्या एका कायद्याने तर दर दशकाला साडेचार अब्ज बोर्ड फूट लाकूड पुरवण्याचे लक्ष्य ठरवून दिले आणि त्यासाठी वर्षाला किमान ४ कोटी डॉलरची तरतूद केली. बाजारात मागणी असो वा नसो, पुरवठ्याचा आकडा कायद्यातच लिहिलेला!

ही विपरीत व्यवस्था १९९० साली मोडली. टोंगास लाकूड सुधारणा कायद्याने ते लक्ष्य आणि ती तरतूद रद्द केली, दहा लाख एकरांहून अधिक क्षेत्र तोडीपासून कायमचे बाजूला काढले आणि सामन माशांच्या महत्त्वाच्या ओढ्यांच्या दोन्ही काठांवर किमान शंभर फुटांपर्यंत झाडाला हात लावू नये, असे बंधन घातले. मात्र त्याच कायद्यात एक वाक्य राहिले: इतर कायद्यांच्या मर्यादेत राहून, बाजाराच्या मागणीइतके लाकूड पुरवण्याचा सरकारने प्रयत्न करावा. हे वाक्य पुढे फार वेळा न्यायालयात वाचले जाणार होते. सिटकाची गिरणी १९९३ मध्ये बंद पडली, केचिकनची १९९७ मध्ये. मागे राहिल्या त्या काही सॉ मिल आणि हजारो कुटुंबांनी अंगवळणी पाडून घेतलेला एक व्यवसाय.

परिपक्वतेपूर्वी मोडलेली ठेव

तोडलेल्या जमिनीवर काय उगवले, हे आता पाहिले पाहिजे. टोंगासमध्ये झाडे लावावी लागत नाहीत. पाऊस आणि बीज दोन्ही भरपूर असल्यामुळे उघड्या जमिनीवर काही वर्षांत रोपांची दाटी होते. पंचवीस-तीस वर्षांनी ही दाटी इतकी वाढते, की शेंडे एकमेकांना भिडतात आणि खाली अंधार पडतो. जमिनीवरची झुडपे, बोरवर्गातील वेली, नेचे, सारे नाहीसे होते. मूळ अरण्यात कोठे एखादा जुना वृक्ष कोसळलेला असतो, तेथून ऊन खाली येते, त्या उजेडात चारा वाढतो आणि हिवाळ्यात मोठ्या फांद्यांनी बर्फ वरच्या वर झेलल्यामुळे तो चारा हरणांना सापडतो. एकाच वयाच्या खोडांच्या या नव्या दाट जंगलात हरणाला ऊनही नाही आणि चाराही नाही. अशी स्थिती शंभर वर्षे किंवा त्याहूनही अधिक टिकते. बेटांवरच्या गावांत हरणाचे मांस आणि सामन हेच लोकांचे वर्षभराचे अन्न. त्यामुळे हा केवळ पशुपक्ष्यांचा प्रश्न राहत नाही.

म्हणजे पुनर्वाढीच्या जंगलाला हात लावणे काही वेळा जंगलाच्याही हिताचे असते. दाटी विरळ केली, मधूनमधून मोकळ्या जागा निर्माण केल्या, तर उरलेली झाडे जोमाने वाढतात आणि खाली पुन्हा हिरवळ येते. संक्रमणाच्या कल्पनेत ही गोष्ट सर्वांत आकर्षक होती: लाकूडही मिळेल आणि अरण्यही सुधारेल.

पण अडचण वयाची होती. अमेरिकेच्या १९७६ च्या राष्ट्रीय वन व्यवस्थापन कायद्यात एक महत्त्वाचे कलम आहे. झाडांचा समूह सरासरी वार्षिक वाढीच्या शिखरावर पोहोचेपर्यंत साधारणपणे त्याची अंतिम तोड करू नये, असे ते सांगते. भाषा तांत्रिक असली तरी आशय मुदत ठेवीचा आहे. कोवळे झाड प्रारंभी सावकाश वाढते, मग वेग घेते आणि कधीतरी मंदावते. एकूण लाकूड भागिले वय, असा दरसालचा हिशेब मांडला तर तो आकडा एका विशिष्ट वयापर्यंत चढत जातो. त्याआधी तोड करणे म्हणजे व्याज ऐन चढत असताना ठेव मोडणे. टोंगासच्या थंड हवेत हे वय साधारण शंभर वर्षांच्या आसपास येते. आता पन्नास वर्षांच्या ठेक्यांचा काळ आठवावा. मोठी तोड १९५४ नंतर सुरू झाली. २०१६ मध्ये नियम झाला तेव्हा त्या तोडीनंतर उगवलेली सर्वांत जुनी झाडे साठीच्या घरात होती आणि बहुसंख्य तर तिशी-चाळिशीतली. व्याजावर जगण्याचा निर्णय झाला, तेव्हा ठेवी परिपक्व व्हायला तीन-चार दशके उरली होती.

यावर तोड म्हणून अमेरिकन काँग्रेसने डिसेंबर २०१४ मध्ये टोंगाससाठी या कलमाला अपवाद मंजूर केला. काही हजार एकरांच्या ठरावीक मर्यादेत, वयाचे शिखर गाठण्याआधीच पुनर्वाढीची तोड करता येईल, अशी मुभा मिळाली. ज्यांना मूळ अरण्य वाचवायचे होते, त्यांनीच कोवळे जंगल लवकर तोडण्याच्या सवलतीचे समर्थन करावे, हा प्रसंग विचित्र खरा. पण व्यवहारात दोन तोट्यांपैकी लहान तोटा निवडण्याची वेळ येतेच.

त्याआधी, जुलै २०१३ मध्ये, तेव्हाचे कृषिमंत्री टॉम विल्सॅक यांनी एका आज्ञापत्राद्वारे वन सेवेला सांगितले होते, की पुढील दहा ते पंधरा वर्षांत टोंगासमधील तोड मुख्यतः पुनर्वाढीकडे वळवावी. अमेरिकेत वन सेवा कृषिखात्याच्या अखत्यारीत येते, हे येथे लक्षात घ्यावे. आज्ञापत्रानंतर पंधरा जणांची एक सल्लागार समिती नेमली गेली. तीत लाकूड व्यावसायिक होते, पर्यावरणवादी होते, मूळनिवासींचे आणि स्थानिक प्रशासनाचे प्रतिनिधी होते. वर्षानुवर्षे एकमेकांना न्यायालयात भेटणारी ही मंडळी एका टेबलाशी बसली आणि २०१५ मध्ये तिने शिफारशी दिल्या. त्यांच्याच आधारे २०१६ च्या अखेरीस योजनेतील दुरुस्तीवर सही झाली.

त्या दुरुस्तीतील आकडे पाहण्यासारखे आहेत. वर्षाला सरासरी ४ कोटी ६० लाख बोर्ड फूट, म्हणजे सुमारे ३८ लाख घनफूट लाकूड विक्रीस काढण्याचा अंदाज होता. सत्तरच्या दशकातील तोडीच्या तुलनेत हा दहावा हिस्साही नव्हे. प्रारंभी त्यातील मोठा वाटा मूळ अरण्यातूनच येणार होता, कारण दुसरे काही तयारच नव्हते. या लाकडाला तेथे ‘पुलाचे लाकूड’ म्हणू लागले, म्हणजे एका काठावरून दुसऱ्या काठावर जाईपर्यंतचा आधार. सोळा वर्षांनी मूळ अरण्याचा वाटा वर्षाला ५० लाख बोर्ड फुटांवर यायचा होता. तो छोट्या गिरण्या, वाद्यांचे लाकूड आणि अशाच खास कामांसाठी राखून ठेवायचा होता. सामन माशांच्या दृष्टीने महत्त्वाची ७७ पाणलोट क्षेत्रे मूळ अरण्याच्या तोडीतून वगळण्यात आली. किनाऱ्यालगतच्या आणि ओढ्यांकाठच्या काही पट्ट्यांत पुनर्वाढीला हात लावण्याची परवानगी मिळाली, पण ती लहान लहान तुकड्यांपुरती आणि मुदतबंद.

गिरणीच्या बाजूने

आता हा नियम गिरणीमालकाच्या गादीवर बसून वाचावा. टोंगासमध्ये मध्यम आकाराची म्हणावी अशी सॉ मिल उरली होती ती जवळजवळ एकच, प्रिन्स ऑफ वेल्स बेटावर. तिची करवत, तिचे पट्टे, तिचे कामगार, सारे काही जाड्या, सरळ, गाठ नसलेल्या ओंडक्यांसाठी जमवलेले. अशा ओंडक्यातून निघणारी दाट रेषांची फळी पियानो आणि गिटार यांच्या पुढच्या पाटासाठी, दारे-खिडक्यांसाठी चांगल्या भावाने जाते. साठ वर्षांच्या झाडाचा ओंडका बारीक, वलये रुंद, गाठी पुष्कळ. तो कापण्यासाठी वेगळी, अतिशय वेगवान यंत्रे लागतात. आणि मिळणारा माल कोणता? घरबांधणीचे साधे लाकूड. तोच माल वॉशिंग्टन आणि ऑरेगन राज्यांतील प्रचंड गिरण्या उबदार हवेत लवकर वाढलेल्या झाडांपासून, रस्त्याच्या कडेलाच, कितीतरी स्वस्तात तयार करतात. अलास्कातील गिरणीला तो बोटीतून पाठवायचा, मजुरी आणि इंधन महाग, आणि वर्षाकाठी मिळणारा पुरवठा अनिश्चित.

यंत्रे बदलायला कर्ज काढावे लागणार. सावकार पहिला प्रश्न विचारणार, की पुढील वीस वर्षे ओंडके मिळतील याची हमी कोण देतो? हमी देणारे सरकारच होते, आणि दर चार वर्षांनी निवडणूक होती. म्हणून बहुतेक पुनर्वाढीचे लाकूड न चिरता, ओंडक्यांच्या रूपातच आशियाई बाजारात जाऊ लागले. अमेरिकेच्या पश्चिमेकडील इतर राज्यांत सरकारी जंगलातील ओंडके असे बाहेर पाठवण्यास कायद्याने मनाई आहे. अलास्कात मात्र वन सेवेने मर्यादित सवलत दिलेली आहे. संक्रमणाचे समर्थक स्थानिक रोजगाराचे चित्र रंगवत होते. प्रत्यक्षात चिरकामाचा रोजगार ओंडक्यांबरोबर जहाजात चढत होता, हे मान्य करणे भाग आहे.

दुसऱ्या बाजूची वहीही तितकीच स्पष्ट आहे. लाकूडतोडीवर एके काळी हजारो कुटुंबे चालत. आता ती संख्या काही शेकड्यांवर आली आहे. त्याउलट मासेमारी आणि पर्यटन वाढले. दरवर्षी दहा लाखांहून अधिक प्रवासी जहाजांतून या किनाऱ्यावर उतरतात, ते तोडलेल्या टेकड्या पाहण्यासाठी खचितच नव्हे. सामन मासा अंडी घालण्यासाठी ज्या थंड, सावलीतल्या ओढ्यांत परततो, ते ओढे मूळ अरण्यातून वाहतात. ज्या झाडाची फळी एकदाच विकता येते, तेच झाड उभे राहून दरसाल मासा देते. हा हिशेब मच्छीमारांनी सरकारपुढे वारंवार मांडला आहे.

मूळनिवासींच्या मालकीची सीअलास्का ही कंपनी या गुंत्याच्या अगदी मध्यभागी उभी होती. १९७१ च्या कायद्यानुसार स्थापन झालेल्या या कंपनीने आपल्या वाट्याच्या जमिनीवर चाळीसएक वर्षे स्वतःच मोठी तोड केली. पुनर्वाढीला वयाची सवलत देणाऱ्या २०१४ च्या कायद्यानेच तिला सुमारे ७० हजार एकर जमीन मिळाली. पुढे याच कंपनीने आपल्या जमिनीपैकी १ लाख ६५ हजार एकरांवरील झाडे उभी ठेवण्याचे बंधन पत्करले आणि हवेतील कार्बन धरून ठेवण्याबद्दल मिळणारी पत्रे कॅलिफोर्नियाच्या बाजारात विकली. २०२१ च्या प्रारंभी तिने लाकूडतोडीच्या धंद्यातून बाहेर पडण्याचा निर्णय जाहीर केला. वडिलोपार्जित धंदा तोट्यात नसतानाही बंद करण्याची वेळ व्यापारी कुटुंबांवर कधीकधी येते. अशा निर्णयाच्या आधी घरात किती रात्री चर्चा चालते, हे त्यांना सांगायला नको.

नियमांचा लंबक

२०१६ ची योजना अंमलात येते न येते तोच वॉशिंग्टनमध्ये सरकार बदलले. अलास्काच्या सिनेटर लिसा मर्कोव्स्की यांनी सरकारी लेखापाल कार्यालयाला विचारले, की ही योजना म्हणजे कायद्याच्या अर्थाने ‘नियम’ आहे काय? ऑक्टोबर २०१७ मध्ये उत्तर आले, होय, आहे. प्रश्न वरवर शाब्दिक वाटतो, पण नियम ठरला की काँग्रेसला तो मतदानाने रद्द करता येतो. तसे मतदान झाले नाही, मात्र टांगती तलवार सर्वांना दिसली.

त्याच सुमारास दुसरा जुना वाद पेटला. जानेवारी २००१ मध्ये क्लिंटन सरकारने राष्ट्रीय अरण्यांतील रस्ते नसलेल्या प्रदेशांत नवे रस्ते आणि तोड यांना बंदी घातली होती. टोंगासमधील ९० लाखांहून अधिक एकर या बंदीखाली येतात. २००३ साली टोंगासला तिच्यातून वगळले गेले. केक नावाच्या छोट्या त्लिंगित गावाने इतरांसह न्यायालयात दाद मागितली आणि २०११ मध्ये बंदी परत आली. २०२० च्या ऑक्टोबरात ती पुन्हा उठली आणि जानेवारी २०२३ मध्ये पुन्हा लागू झाली. रस्ता नाही तेथे ठेकेदार जात नाही. त्यामुळे रस्त्यांचा नियम हाच खरा तोडीचा नियम, असे म्हटले तरी चालेल.

मधल्या काळात प्रिन्स ऑफ वेल्स बेटावर पंधरा वर्षांत मोठ्या प्रमाणावर तोड करण्याचा प्रकल्प वन सेवेने आखला होता. नेमकी कोठे आणि केव्हा तोड होणार, हे लोकांना सांगितलेच नाही, या कारणाने संघीय न्यायालयाने २०२० मध्ये तो रोखला. जुलै २०२१ मध्ये बायडन सरकारने आणखी पुढचे पाऊल टाकले. सोळा वर्षे न थांबता टोंगासमधील मूळ अरण्याची मोठ्या प्रमाणावरील विक्री तेव्हाच बंद करण्यात आली. स्थानिक गरजांसाठी लहान विक्री आणि मूळनिवासींचे कोरीव स्तंभ व होड्या यांसाठी लागणारे वृक्ष एवढाच अपवाद राहिला. सोबत स्थानिक उद्योगांसाठी अडीच कोटी डॉलर देण्यात आले. पुलाचे लाकूड असे मध्येच थांबले. ज्यांनी २०१६ चा तह मनापासून स्वीकारला होता, त्या लाकूड व्यावसायिकांना हा विश्वासभंग वाटला आणि त्यांची तक्रार पूर्णपणे अनाठायी म्हणता येत नाही. सोळा वर्षांची मुदत देऊन पाचव्या वर्षी वसुलीला येणारा सावकार न्याय्य असला तरी प्रिय होत नाही.

डिसेंबर २०२३ मध्ये हाच विचार देशभर नेण्याचा प्रस्ताव निघाला. सर्व राष्ट्रीय अरण्यांच्या १२८ योजनांत मूळ अरण्याच्या रक्षणाची एकसारखी दुरुस्ती करायची होती. ती पुरी होण्याआधीच, जानेवारी २०२५ मध्ये, वन सेवेने प्रस्ताव मागे घेतला. त्याच महिन्यात ट्रम्प यांनी पुन्हा अध्यक्षपद हाती घेतले आणि पहिल्याच दिवशी अलास्काविषयीचा आदेश काढला; त्यात टोंगासवरील रस्तेबंदी पुन्हा हटवण्याचा निर्देश होता. मार्चमध्ये लाकूड व्यावसायिकांनी सरकारवर दावा लावला. त्यांचा आधार १९९० च्या कायद्यातील तेच वाक्य होते, बाजाराच्या मागणीइतके लाकूड पुरवण्याचा प्रयत्न करावा. उन्हाळ्यात कृषिमंत्री ब्रुक रॉलिन्स यांनी रस्तेबंदीचा नियम देशभरातूनच रद्द करण्याचा इरादा जाहीर केला.

या सगळ्या उलथापालथीत कोणाचे किती नुकसान झाले, हे केवळ एकरांत मोजून भागणार नाही. नियम कडक असेल तर धंदा त्याच्याभोवती मार्ग काढतो. सैल असेल तर त्याचा लाभ घेतो. पण दर चार वर्षांनी उलटणाऱ्या नियमावर कोणीही भांडवल लावत नाही. बारीक ओंडके चिरण्याची यंत्रे घ्यायला गिरणी धजत नाही आणि यंत्रे नाहीत म्हणून पुनर्वाढीचे लाकूड स्थानिक पातळीवर विकले जात नाही. ते विकले जात नाही, म्हणून मूळ अरण्याची मागणी पुन्हा वर येते. दाटी विरळ करण्याचे काम तर याहून नाजूक. पंधरा-वीस वर्षांच्या रोपवनात आज केलेल्या छाटणीचे फळ पन्नास वर्षांनी दिसते. त्यासाठी दरसाल थोडा पण न चुकता पैसा लागतो, आणि तो अंदाजपत्रकाच्या लहरीवर अवलंबून आहे. सरकारच्या दोन्ही बाजूंना मूळ अरण्याविषयी बोलायला आवडते. या मुक्या कामाविषयी बोलणारे फार थोडे.

कोरीव स्तंभासाठी किंवा एकसंध होडीसाठी लागणारा लाल सीडर चार-पाचशे वर्षांचा असावा लागतो. त्लिंगित आणि हायडा कारागिरांनी असे वृक्ष पुढच्या पिढ्यांसाठी मोजून, नोंदवून ठेवावेत अशी मागणी लावून धरली आहे. सोळा वर्षांचे संक्रमण, चार वर्षांची कारकीर्द आणि शंभर वर्षांची परिपक्वता या तिन्ही मापांत त्यांची गरज बसत नाही.

टोंगासच्या संपूर्ण योजनेची नव्याने आखणी २०२४ पासून सुरू झाली आहे. गावोगावी सभा होत आहेत, हरकती नोंदवल्या जात आहेत. १९५४ साली केचिकनच्या गिरणीसाठी ज्या उतारांवर पहिली तोड झाली, तेथील झाडे आता सत्तरी ओलांडून गेली आहेत. कायद्याने सांगितलेले वाढीचे शिखर त्यांच्यापासून अजून सुमारे तीस वर्षे दूर आहे.